गावाला गाता येईल असं गाणं

नाताळचं गाणं दुरून यावं, असं मला कितीतरी वर्षं मनापासून वाटत होतं. दूरच्या देशात, मोठ्या स्टुडिओत, तयार गळ्यांनी गायलेलं. वसईच्या ज्या पट्ट्यात मी वाढले तिथे डिसेंबर लागला की घराघरांतून जिम रीव्ह्जचा खर्जातला मऊ आवाज ऐकू यायचा. त्याची बारा नाताळगीतांची तबकडी अमेरिकेत १९६३ साली निघाली आणि पुढच्याच वर्षी जुलैत तो विमान अपघातात गेला. आमच्या ओट्यांवर मात्र तो दर नाताळाला हजर असायचा. मग कॅसेटी आल्या, १९८१ मध्ये बोनी एमचा नाताळचा अल्बम आला, आणि चांदणी टांगताना, गोठा रचताना, स्वयंपाकघरात तळण चाललेलं असताना तीच गाणी वाजू लागली. आजही ती लागली की मी हातातलं काम थांबवते. त्यांच्यावरचं माझं प्रेम कमी झालेलं नाही, हे आधीच सांगते.

बदललं आहे ते दुसरंच. आमच्या भागातले गायक-वादक मिळून मराठीत किंवा आमच्या सामवेदी बोलीत नाताळगीतांचे अल्बम काढतात. आधी कॅसेट निघायची, नंतर सीडी, आता पेनड्राइव्ह आणि यूट्यूब. मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात टेबल मांडलेलं असतं, दोन तरुण मुलं पावतीपुस्तक घेऊन उभी असतात. मी दरवेळी विकत घ्यायचे. चर्चच्या कामाला हातभार म्हणून, मुलांचा उत्साह मोडू नये म्हणून. घरी आणल्यावर एकदा लावायचे, दुसऱ्या गाण्यावर बंद करायचे आणि कपाटात ठेवून द्यायचे. या अल्बमांना मी दान देत होते. संगीत म्हणून त्यांच्याकडे पाहत नव्हते.

या मतामागे माझी कारणं होती, आणि ती खोटी नव्हती. मी गायनवृंदात वर्षानुवर्षं ऑल्टोत गायले. आमच्या गायनमास्तरांनी आम्हाला चार आवाजांत गायला शिकवलं. सोप्रानो वर चढला तरी आपली ओळ सोडायची नाही, शेजारचीचा श्वास ऐकून आपला घ्यायचा, टेनर-बास खाली कुठे उभे आहेत याचं भान ठेवायचं. असा कान तयार झाल्यावर बेसूर ऐकवत नाही. त्या अल्बमांत कीबोर्डमधला तयार ठेका असायचा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जोराने वाजणारा. गायिकेला पेलणार नाही अशी वरची पट्टी धरलेली असायची. कधी हिंदी सिनेमाच्या चालीवर बाळ येशूचे शब्द बसवलेले असायचे. आणि हमखास बर्फगाडीच्या घंटांची किणकिण. आमच्या डिसेंबरात पहाटे केळीच्या बागांवर धुकं असतं, वालाच्या शेंगा येतात, उकडहंडी लागते. बर्फ आमच्या कुणाच्या आजोबांनीही पाहिलेला नाही. मग तो गाण्यात कशाला, असं मी म्हणायचे. तोच बर्फ जिम रीव्ह्जच्या गाण्यात पडला की मला सुंदर वाटायचा.

हे मत एकाएकी बदललं नाही. पण ते कुठे सैल व्हायला लागलं ते मला ठाऊक आहे. माझ्या भाच्याच्या मित्रमंडळाने अल्बम करायचं ठरवलं आणि तो वही घेऊन आला. “मावशी, शब्द तेवढे बघून दे. ऱ्हस्व-दीर्घ, अर्थ, सगळं.” मी शिक्षिका, नाही म्हणणं शक्य नव्हतं. वहीत दोन तऱ्हेची गाणी होती. काही प्रसिद्ध इंग्रजी कॅरलची मराठी रूपं, काही त्यांनी स्वतः लिहिलेली. मला वाटलं होतं, पहिली बरी असतील आणि दुसऱ्यांवर लाल पेन फिरवावा लागेल. घडलं ते उलट.

कॅरलच्या मराठी रूपांतले शब्द कागदावर ठीक होते, पण गाऊन पाहिले की मोडत होते. त्या चालींत ठोका ठरलेल्या जागी पडतो, आणि इंग्रजी किंवा जर्मन शब्दातलं जोर घेणारं अक्षर नेमकं तिथे येतं. मराठीत तसा जोर नाही. आपल्याकडे अक्षराला वजन असतं, लघु आणि गुरू. ‘तारक’ हा शब्द घ्या. त्यातला ‘ता’ घाईघाईत उरकला आणि ‘क’वर तीन मात्रा थांबलं, तर ऐकणाऱ्याच्या कानावर शब्द पोचतच नाही, नुसता आवाज पोचतो. ही गाणी मी वर्षानुवर्षं गात आले होते. चालीच्या ओढीत शब्द वाहून जातात हे मला जाणवत होतं, पण ती माझ्या मराठीची उणीव आहे असं मी धरून चालले होते.

मुलांनी स्वतः लिहिलेल्या गाण्यांपैकी एक त्यांनी लग्नातल्या चालीवर बांधलं होतं. मांडवाच्या दिवशी विहिरीचं पाणी आणायला जाताना आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका ओळीने चालत जी गाणी म्हणतात, त्यांतली ती चाल. मरियेला दिवस भरले आहेत, योसेफ दारोदार जागा विचारतो आहे, आणि बायका पाण्याच्या वाटेवर तिची चौकशी करत आहेत, असा प्रसंग. एकही शब्द ओढाताण करून बसवलेला नव्हता. तीन चरण सारखे, चौथा आखूड, जवळजवळ ओवीच. मी लाल पेन खाली ठेवला आणि ते गाणं पुन्हा म्हणून पाहिलं.

मग मला फादर स्टीफन्सची आठवण झाली. ‘ख्रिस्तपुराणा’बद्दल मी शाळेत मुलांना शिकवत असे, पण या अंगाने कधी विचार केला नव्हता. हा इंग्लंडचा जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला त्याचं पुराण छापून झालं. जवळपास ११ हजार ओव्या. येशूचा जन्म, मेंढपाळ, गव्हाणी, सगळं मराठी ओवीत, आणि ते चर्चमध्ये लोकांना म्हणून दाखवलं जाई. स्टीफन्सला लॅटिन येत होतं, युरोपातलं चर्चचं संगीत त्याच्या कानांवर लहानपणापासून होतं. तरी इथल्या माणसाच्या तोंडी जन्मकथा रुळायची तर ती इथल्या छंदात हवी, हे त्याने ओळखलं. तीनशे वर्षांनी नगरला रेव्हरंड टिळकांनी तेच ओळखलं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी उपासनेत अभंग आणि कीर्तन आणलं. भाच्याच्या वहीतलं जे मला धिटाईचं वाटलं, त्याची वाट चारशे वर्षांपूर्वीच पडलेली होती. मधल्या काळात आपण ती वापरायचं थांबलो होतो.

थांबायला कारणंही होती. आमच्या वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगिजांची सत्ता होती. चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, सत्ता गेली, पण मिस्सा लॅटिनमध्येच राहिली. माझ्या आईच्या पिढीने लॅटिनमधली उत्तरं अर्थ न कळता पाठ केली होती आणि ती खणखणीत म्हणत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला, त्यात लोकभाषेला आणि लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला जागा दिली. त्यानंतर धर्मग्रामांना मराठी गाणी हवी झाली. ती कुणी करायची? जे हाताशी होते त्यांनी केली. शाळामास्तरांनी, तरुण धर्मगुरूंनी, पेटी वाजवणाऱ्या शेतकऱ्यांनी. आज आपण चर्चमध्ये डोळे मिटून जी भजनं म्हणतो, त्यांतली कितीतरी अशा हाताशी असलेल्या माणसांनीच केली. त्यांना आम्ही कधी ‘स्थानिक कलाकार’ म्हटलं नाही, कारण ती आमच्या जन्माआधीपासून होती. नव्याने करणाऱ्यांना मात्र आम्ही कमी लेखलं.

शब्द तपासून झाल्यावर मी ध्वनिमुद्रणालाही गेले. एका घराच्या माडीवरची खोली. भिंतींना गाद्या टेकवलेल्या, खिडकीवर गोधड्या, पंखा बंद. मध्ये एक माइक, टेबलावर संगणक. सगळे एकदम वाजवत नव्हते. आधी एकाने पेटीवर कच्ची चाल धरून ठेवली, मग त्यावर ढोलकी, मग व्हायोलिन, मग गळे, एकामागून एक. बाहेर स्कूटर गेली की थांबायचं आणि पुन्हा. ढोलकी वाजवणारे काका सोनचाफ्याचे बागायतदार. पहाटेची गाडी पकडून दादरच्या फूलबाजारात जाऊन आलेले, दुपारी बागेत राबलेले, रात्री जेवून तिथे बसलेले. त्यांनी पुडीवर हात ठेवला आणि माझ्या लक्षात आलं की कीबोर्डच्या तयार ठेक्यावर मी वर्षानुवर्षं चिडत होते ते या हाताच्या अभावामुळे. ठेका तोच, पण ओळ संपताना ते किंचित सैल सोडत आणि पुढच्या ओळीला उचलून घेत. त्या जागी गाणाऱ्या मुलीला श्वास मिळत होता.

त्याच खोलीत एक बोलणं झालं आणि माझ्या मतातला उरलेला ताठरपणा तिथे गेला. मुख्य गाणारी मुलगी चांगली तयार होती, काळी चारमध्ये आरामात गात होती. भाचा म्हणाला, “दोन सूर खाली घेऊ.” मी लगेच म्हटलं की खाली तिचा आवाज खुलणार नाही, वर किती छान लागतोय. तो म्हणाला, “मावशी, तिचा लागेल गं. चर्चमध्ये बाकावर बसलेल्या बायकांचा लागणार नाही.” मी गप्प झाले. अल्बम हा कानासाठी असतो, असं मी धरून चालले होते. ही मुलं तो गळ्यासाठी करत होती. त्यांना आपलं गाणं लोकांनी ऐकायला हवं होतंच, पण त्याहून अधिक लोकांनी ते उचलून गायला हवं होतं. पट्टी, चाल, कडव्यांची लांबी, धृपदाआधीची थांबायची जागा, सगळं त्या हिशेबाने ठरत होतं. याला कसब लागतं. चार आवाजांच्या मांडणीइतकंच लागतं, आणि माझ्याजवळ ते नव्हतं.

त्या वर्षी कॅरलवाल्या पोरांबरोबर मीही घरोघरी फिरले. पूर्वी आमचा गट इंग्रजी कॅरल म्हणायचा तेव्हा घरची माणसं ओट्यावर येऊन कौतुकाने ऐकायची, हात जोडायची, पोरांच्या हातावर खाऊ ठेवायची. ते सगळं प्रेमाचंच होतं, पण एका बाजूला गाणारे आणि दुसऱ्या बाजूला ऐकणारे अशी दरी तिथे राहायची. पाण्याच्या वाटेवरचं ते गाणं सुरू केलं की ती दरी राहत नसे. धृपद एकदा कानावर पडलं की दुसऱ्या वेळी ओट्यावरच्या बायका त्यात असायच्या, कारण चाल त्यांचीच होती. काही घरी आजींनी आम्हाला थांबवून सांगितलं की हे असं नाही, लग्नात आम्ही इथे वळसा घेतो. पोरांनी तो वळसा तिथल्या तिथे उचलला. अशी दुरुस्ती जिम रीव्ह्जला कुणी सुचवली नसती.

यानंतर मी ज्या गाण्याला नाताळच्या गाण्यांचं शिखर मानत आले त्याच्याकडे नव्याने पाहिलं. ‘सायलेंट नाइट’. ते माझ्या मनात कॅथीड्रलमधलं, मोठ्या वाद्यवृंदाचं गाणं होतं. मुळात ते ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ नावाच्या नदीकाठच्या गावातलं. साल्झाख नदीतून मिठाची वाहतूक करणाऱ्या नावाड्यांची वस्ती. नेपोलियनच्या युद्धांनी तो मुलूख पिचलेला, आणि १८१६ मध्ये सरहद्द नव्याने आखली गेली तेव्हा नदीच गावाच्या मधोमध सीमा झाली. योसेफ मोर हा तिथला तरुण सहायक धर्मगुरू. कविता त्याने १८१६ मध्ये दुसऱ्या गावी असताना लिहिली होती. फ्रान्झ ग्रूबर शेजारच्या आर्न्सडॉर्फमधला शाळामास्तर, ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. २४ डिसेंबर १८१८ ला मोरने कविता त्याच्या हाती दिली, ग्रूबरने चाल लावली, आणि त्याच रात्री दोघांनी ती गिटारच्या साथीवर गायली. ऑर्गनचा भाता उंदरांनी कुरतडला होता म्हणून गिटार घेतली, ही कथा पुढे कुणीतरी रचली. तिची गरजही नाही. दोन गळे, एक गिटार आणि समोर नावाडी, इतकं पुरेसं होतं.

तिथून ते गाणं एका ऑर्गन बनवणाऱ्याबरोबर टिरोलमध्ये गेलं, हातमोजे विकत फिरणाऱ्या श्ट्रासर कुटुंबाने १८३०च्या दशकाच्या सुरुवातीला ते लाइपझिगला गायलं, रायनर कुटुंबाने ते अमेरिकेत नेलं. वाटेत त्याच्यावरची नावं गळून पडली. टिरोलमधलं लोकगीत म्हणून ते छापलं गेलं, आणि चाल इतकी सुरेख की ती हायडनसारख्या कुणा थोराचीच असणार, असं लोक धरून चालले. १८५४ मध्ये बर्लिनच्या राजदरबारातल्या संगीतकारांनी मूळ लिखाणाची चौकशी केली तेव्हा म्हाताऱ्या ग्रूबरला बसून लिहून द्यावं लागलं की हे मी आणि मोरने असं असं केलं. मोर तोवर वारला होता. मोरच्या हातची प्रत तर १९९५ मध्ये सापडली. तोपर्यंत ग्रूबरच्या शब्दावर शंका घेणारे होते. गावच्या मास्तराला इतकी चांगली चाल कशी सुचेल, ही ती शंका. ती माझ्या ओळखीची होती, कारण आमच्या पोरांबद्दल मी तीच बाळगून होते.

याच ओघात माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस आठवतात. वडील गावच्या चर्चमध्ये गायनमास्तर. मुलगा लहानपणी तिथे शिकला, मुंबईला येऊन हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवू लागला, प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना त्याने व्हायोलिन शिकवलं. मुंबईच्या स्टुडिओंत स्वरलिपी वाचून वाजवणारे कितीतरी गोवेकर गावच्या चर्चमधूनच आले होते. मोठं संगीत जिथे होतं तिथे माणसं धाडण्याचं काम या लहान जागा करत होत्या. आमच्या माडीवरच्या खोलीतही मागे बसलेली पोरं होती. त्यांतला एक आता व्हायोलिनच्या परीक्षांची तयारी करतो. गाद्या टेकवलेल्या त्या खोलीत त्याने पहिल्यांदा स्वतःचं वाजवणं परत ऐकलं आणि आपण कुठे घसरतो ते त्याला कळलं.

सगळंच आता मला आवडतं असं नाही. सिनेमाच्या चालीवर प्रार्थनेचे शब्द घालायला माझा विरोध कायम आहे. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नटी नाचत असेल तर तिथे गोठा उभा राहत नाही. सूर न लागलेलं गाणं भक्तीच्या नावावर खपवू नये, रियाज करावा, आणि आवाज यंत्राने सरळ करून घेण्याआधी चार वेळा पुन्हा गावं. बर्फगाडीची किणकिण काढून टाका, हे मी प्रत्येक वेळी सांगते आणि सांगत राहीन. पण आता हे मी गोधडी टांगलेल्या त्या खोलीत बसून सांगते, आणि मुलं वाद घालतात. कधी माझं ऐकतात, कधी नाही.

हे अल्बम मला आता गरजेचे वाटतात, त्याला आणखी एक कारण आहे. माझ्या लहानपणी इथे वाड्या होत्या, पानवेलींचे मळे होते, विहिरीवर रहाट होते. २०११च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली. इमारतींमध्ये राहायला गेलेल्या आमच्याच नातवंडांना सामवेदी समजते, पण ती उत्तर मराठीत किंवा इंग्रजीत देतात. बोली जपा असं व्यासपीठावरून सांगितलं की ती मान डोलावतात आणि विसरतात. तीच मुलं डिसेंबरात ते पाण्याच्या वाटेवरचं गाणं बोलीतल्या शब्दांसकट, आजीच्या वळशासकट म्हणतात. ‘स’ कुठे ‘ह’कडे झुकतो तेही त्यांना बरोबर जमतं, कारण गाण्यात तो तसाच आहे. वर्षातून एकदा का होईना, ती बोली त्यांच्या तोंडात असते.

यंदाच्या अल्बमचं काम पावसाळा सरताच सुरू झालं आहे. शब्द मी तपासते आहे, आणि एका गाण्यात गायनवृंदातल्या आम्ही जुन्या बायका ऑल्टोची ओळ गाणार आहोत. ओवीच्या चालीखाली दुसरा आवाज कसा बसवायचा हे अजून नीट जुळलेलं नाही. आमची ओळ खाली स्थिर राहते तेव्हा बरं वाटतं, हलली की चाल झाकली जाते. मुलांपुढे मी एकच अट ठेवली आहे. प्रत्येक गाण्याखाली नावं छापायची. शब्द कुणाचे, चाल मूळ कुणाकडून ऐकली, तो वळसा सांगणाऱ्या आजी कोण, ढोलकी, पेटी, व्हायोलिन कुणाची, माडीची खोली कुणाची. यूट्यूबवर टाकतानाही हीच यादी खाली द्यायची. भाचा म्हणतो, यादी गाण्यापेक्षा लांब होईल. मी म्हटलं, होऊ दे.